स्थळ : लंडन

मावशीनं ड्यूकला नापास केलं तेव्हा मी तिच्याशेजारी बसून पावट्याच्या शेंगा सोलत होतो.

"वय एकतीस. उंची सहा फूट दोन. निर्व्यसनी नाही, पण चालेल. जमीनजुमला मोजता येत नाही एवढा. आणि म्हणे मनासारखी मुलगी मिळत नाही!" तिनं पुस्तक पालथं ठेवलं. "काहीतरी लपवतोय. असं स्थळ माझ्याकडे आलं असतं ना, तर मी आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांत चौकशी केली असती."

मावशी डोंबिवलीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची आणि तीस वर्षं दर रविवारी सकाळी एका वधू-वर सूचक मंडळाचं रजिस्टर सांभाळायची. नात शिकायला परदेशी गेली, ती जाताना कादंबऱ्यांची पिशवी मावशीकडे ठेवून गेली. प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर शर्टाची बटणं लावायला विसरलेला एक गृहस्थ आणि त्याच्या अंगावर रेललेली एक बाई. मावशीनं सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली आणि वाचायला घेतल्या. आता तिच्या देवघराशेजारच्या फळीवर शेअर बाजाराच्या पानांत गुंडाळलेले अकरा ड्यूक उभे आहेत.

या कादंबऱ्यांचं गाव ठरलेलं. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारामुळे कारभार पाहू शकत नव्हता, म्हणून १८११ ते १८२० त्याच्या थोरल्या मुलानं रीजंट म्हणून तो पाहिला. त्या नऊ वर्षांवर साहित्यातली एक अख्खी पेठ उभी आहे. जॉर्जेट हेयरबाईंनी १९३५ मध्ये 'रीजन्सी बक' लिहून तिथे दुकान मांडलं आणि मग रांगच लागली. ज्यूलिया क्विनच्या कादंबऱ्यांवरून २०२० मध्ये 'ब्रिजर्टन' ही मालिका आली आणि आपल्याकडच्या पोरींनाही व्हायकाउंट मोठा की अर्ल मोठा हे कळू लागलं. (अर्ल मोठा. मावशीनं पाठ करून घेतलंय.) क्विनबाईंच्या दुसऱ्या पुस्तकातला व्हायकाउंट तर बायको शोधायला निघतो तोच मुळी अट घालून, की मुलगी सगळ्या बाजूंनी योग्य हवी, फक्त तिच्या प्रेमात पडायची भीती नको. ही अपेक्षा वाचून मावशी म्हणाली, "आमच्याकडे एकानं 'मुलगी शांत हवी' असं लिहिलं होतं. त्यातलाच प्रकार."

कादंबऱ्यांमधल्या ड्यूकांची शिरगणती केली तर लंडनच्या रस्त्यात एकाला चुकवावं तर दुसऱ्याला धक्का लागेल. प्रत्यक्षात त्या काळात राजघराण्याबाहेरचे ड्यूक पंचवीस-तीसच्या घरात. त्यांतले बरेचसे म्हातारे किंवा पोराबाळांचे धनी. कादंबरीच्या मापात बसणारा शोधायला गेलं, तर डेव्हनशरचा सहावा ड्यूक सापडतो. विल्यम कॅव्हेंडिश त्याचं नाव. १८११ मध्ये, म्हणजे मुहूर्त साधून, एकविसाव्या वर्षी गादीवर आला. चॅट्सवर्थसारखा प्रासाद, अमाप पैसा, स्वभावानं गोड, कानानं जरा कमी. लेखिकेला आणखी काय हवं?

त्यानं लग्नच केलं नाही. जन्मभर पुस्तकं, पुतळे आणि झाडं जमवली. त्याच्या बागेचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन, त्यानं काचेच्या घरात मॉरिशसहून आलेली केळ वाढवली आणि मालकाच्या आडनावावरून तिला कॅव्हेंडिश नाव पडलं. आपली जळगावची बसराई त्याच कॅव्हेंडिश गटातली. हे मी सांगितलं तेव्हा मावशीनं टेबलावरच्या फणीकडे नव्या आदरानं पाहिलं. "वंश वाढवला म्हणायचा," ती म्हणाली.

बाकीच्यांच्या लग्नाचा बाजार भरायचा तो लंडनच्या किंग स्ट्रीटवरच्या ऑल्मॅक्समध्ये, दर बुधवारी. तिथे पैशानं तिकीट मिळत नसे. लेडी जर्सी वगैरे बड्या घरच्या बायकांचं एक मंडळ होतं. त्या नावं तपासायच्या, वगळायच्या, आणि ज्याला पास मिळे त्यानंच पैसे भरून यायचं. खायला पातळ पाव-लोणी, शिळकट केक. प्यायला चहा आणि लिंबू सरबत. दारूचा थेंब नाही. म्हणजे आपल्या मंगल कार्यालयापेक्षा वेगळं काही नाही, फक्त तिथे मसालेभात नव्हता. रात्री अकराला दार बंद, आणि आसईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर न हटलेला वेलिंग्टन एकदा त्या दारातून निमूट परत गेला, असं सांगतात. काही म्हणतात उशीर झाला म्हणून, काही म्हणतात विजार नियमातली नव्हती म्हणून.

याच वेलिंग्टनची सोयरीक कादंबरीत घातली तर संपादक परत पाठवेल. तरुणपणी, पदवी-बिदवी काही नसताना, त्यानं किटी पॅकनहॅमला मागणी घातली. तिच्या भावानं हुद्दा आणि पगार पाहून नकार दिला. हा हिंदुस्थानात आला, १८०३ मध्ये आसई जिंकली, नाव-पैसा कमावून परत गेला, आणि तिला न बघताच पत्रानं पुन्हा मागणी घातली. मी आता पूर्वीसारखी राहिले नाही, असं तिनं सरळ कळवलं होतं. तरी गडी बोलल्या शब्दाला जागला. १८०६ मध्ये डब्लिनला लग्नाला उभा राहिला, दहा-बारा वर्षांनी तिला पाहिलं, आणि शेजारच्या भावाच्या कानात कुजबुजला की ही तर कुरूप झालीय. संसार जन्मभर कोरडाच गेला. मावशीचं यावर एकच म्हणणं : "फोटो मागवायचा."

"अगं, तेव्हा फोटो नव्हते."

"मग समक्ष जायचं. डब्लिन काय लांब आहे का?"

पण समक्ष जाऊनही काय होतं ते खुद्द रीजंटनं दाखवून दिलं होतं. त्याच्यावर सहा लाख पौंडांहून अधिक कर्ज होतं आणि लग्न केलंस तर फेडू, असा घरचा आणि पार्लमेंटचा सूर होता. त्याआधी दहा वर्षं त्यानं एका विधवेशी गुपचूप लग्न लावलं होतं, ते कायद्यानं धरायचं नाही असं ठरलं. १७९५ च्या एप्रिलमध्ये जर्मनीहून कॅरोलाइन आली. पाहण्याचा कार्यक्रम लंडनच्या राजवाड्यात. ती वाकली, यानं तिला हात देऊन उठवलं, जेमतेम एक वाक्य बोलला, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि बरोबरच्या लॉर्ड माम्सबरीकडे ब्रँडी मागितली. तो गेल्यावर ती माम्सबरीला म्हणाली की हा फारच लठ्ठ आहे, तसबिरीतल्यासारखा तर मुळीच नाही. तिसऱ्या दिवशी लग्न झालं. बरोबर नऊ महिन्यांनी मुलगी झाली, शार्लट, आणि नवरा-बायको वेगळे झाले ते झालेच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण हीच गोष्ट मी मावशीला तीन संध्याकाळी पुरवून सांगितली.

५ नोव्हेंबर १८१७. दुपार कलली आणि खडकीच्या माळावर पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई जुंपली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची संगमावरची रेसिडेन्सी त्याच दिवशी जळाली. आणि त्याच रात्री तिकडे सरे परगण्यात क्लेअरमाँटच्या वाड्यात राजकन्या शार्लट दोन दिवसांच्या वेणा काढून बाळंत झाली. मुलगा, पण मृत. पहाटेच्या आत तीही गेली. एकवीस वर्षांची होती. देशभर असं सुतक पाळलं गेलं की कापडवाल्यांकडचं काळं कापड संपलं.

इथे हसायचं काही नाही. हसायचं पुढे.

तिसऱ्या जॉर्जला पंधरा मुलं झाली होती, त्यांतली बारा हयात होती, आणि शार्लट गेल्यावर बाराजणांत मिळून एकही औरस नातवंड उरलं नाही. मुलींमध्ये सर्वांत धाकटी चाळिशीला पोचलेली. मुलगे सात. थोरला रीजंट, त्याची बायको इटलीत भटकत होती. दुसऱ्याला मूल नाही. त्याची बायको कुत्र्यांचा मोठा गोतावळा घेऊन खेडेगावातल्या वाड्यात राही. एकानं राजाला न विचारता लग्न केलं होतं, ते १७७२ च्या राजघराण्याच्या विवाह कायद्याखाली रद्द झालं. पाचव्याचं लग्न नुकतं झालेलं, पण पाळणा हललेला नव्हता. उरले तीन : क्लॅरेन्सचा ड्यूक, वय बावन्न, केंटचा ड्यूक, वय पन्नास, केंब्रिजचा ड्यूक, वय त्रेचाळीस. तिघेही अविवाहित. तिघांनाही एकाच आठवड्यात साक्षात्कार झाला की आपण देशासाठी काही केलं पाहिजे.

"मुलगा काय करतो?" मावशीनं विचारलं.

मला क्षणभर कळेना ती कोणाबद्दल बोलतेय. मग आठवलं, तिच्या रजिस्टरात नव्वद वर्षांचा बिजवर असला तरी तो 'मुलगा'च. "कोणता मुलगा? क्लॅरेन्स?"

"बावन्नवाला. घोडनवरा."

"आरमारात होता. आता काही करत नाही. कर्ज आहे."

"आधीचं काही प्रकरण?"

मी जरा थांबलो. "दहा मुलं आहेत."

मावशीनं पावट्याची शेंग खाली ठेवली.

क्लॅरेन्स वीस वर्षं डोरोथी जॉर्डन या नामांकित नटीबरोबर अगदी गृहस्थासारखा राहिला. ती रंगभूमीवर कमवायची, मध्ये मध्ये बाळंत व्हायची, पुन्हा उभी राहायची. १८११ मध्ये या महाशयांना वाटलं की आता पैसेवाली बायको करावी, म्हणून तिला दूर केलं. ती १८१६ मध्ये फ्रान्समध्ये हलाखीत वारली. तिला दूर केल्यापासून हा दारोदार मागण्या घालत फिरत होता. सगळ्यांत धनाढ्य म्हणून गाजलेल्या कॅथरीन टिल्नी-लाँगकडे गेला. तिनं याला सोडून वेलिंग्टनच्या पुतण्याला माळ घातली, आणि त्या पुतण्यानं सगळी आडनावं जोडून स्वतःला पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली करून घेतलं. (नाव लांबलं तशी इस्टेट आखडली. काही वर्षांत तिचा वाडा दगडाच्या भावानं विकायची पाळी त्यानं आणली.) मग क्लॅरेन्सनं मार्गरेट मर्सर एल्फिन्स्टनकडे मोर्चा वळवला. ही आपल्या पुण्याच्या एल्फिन्स्टनसाहेबाची सख्खी चुलत बहीण. तिनंही नाही म्हटलं. घराण्यात ठामपणा होता.

केंटच्या ड्यूकची तऱ्हा निराळी. मादाम द सँ-लोराँ या फ्रेंच बाईबरोबर त्याचा जवळजवळ सत्तावीस वर्षांचा संसार, फक्त अक्षता पडल्या नव्हत्या. कर्जापायी दोघं ब्रसेल्सला राहायला गेले होते. डिसेंबर १८१७ मध्ये त्यानं थॉमस क्रीव्ही नावाच्या एका पुढाऱ्याला बोलावून अगदी खासगी म्हणून मन मोकळं केलं. माझं लग्न व्हायला हवं अशा अर्थाचं काही वर्तमानपत्रात आलं होतं, मी नाश्त्याच्या टेबलावरून तो अंक मादामकडे टाकला, आणि तिच्या घशातून असा काही चमत्कारिक आवाज निघाला की मी घाबरलो, असं तो म्हणाला. आणि त्याच दमात पुढचा हिशेब मांडला : दुसऱ्या क्रमांकाच्या भावाला लग्नाच्या वेळी वर्षाला पंचवीस हजार पौंड वाढवून दिले होते, मलाही तेवढेच हवेत, महागाई वाढली तरी जास्त मागत नाही, कर्ज मात्र सरकारनं फेडावं. क्रीव्हीइतका गप्पिष्ट माणूस त्या काळी दुसरा नसावा. त्यानं ते सगळं लिहून ठेवलं आणि आज तो कागद आपण वाचतो. तो घशातला आवाज मात्र मला वाचल्यापासून विसरता येत नाही. मावशीही त्यावर काही बोलली नाही.

केंब्रिजचा ड्यूक हॅनोव्हरला होता, म्हणून क्लॅरेन्ससाठी मुली बघायचं काम त्याच्याकडे आलं. जर्मनीत तेव्हा संस्थानं गल्लोगल्ली आणि प्रत्येक संस्थानात लग्नाच्या दोन-तीन राजकन्या. प्रोटेस्टंटच सून हवी ही अट असल्यामुळे इंग्लंडची सगळी बोलणी तिथेच होत. यानं हेस-कासलची ऑगस्टा पाहिली, वय वीस, आणि भावाला तिच्या गुणांची अशी काही वर्णनं पाठवली, की भावानं उलट टपाली लिहिलं म्हणे, अरे मग तूच कर ना. त्यानं केलंच.

"मध्यस्थानं स्वतःच उरकून घेतलं?" मावशी उठून बसली. "आमच्याकडे एकदा असं झालं होतं. त्याची मंडळानं वर्गणीसुद्धा परत केली नव्हती."

शेवटी क्लॅरेन्ससाठी सॅक्स-मायनिंगनची ॲडलेड ठरली. वय पंचवीस, रूप बेताचं, स्वभाव गरीब, संस्थान त्याहून गरीब. ठरल्यावर याद्या करायला बसले ते थेट पार्लमेंटात. वर्षाला दहा हजार पौंड वाढवून मागितले, सभासदांनी घासाघीस करून सहा हजारांवर आणले. नवरदेव रुसले, असले पैसे मला नकोत म्हणाले. तीन वर्षांनी थकबाकीसकट घेतले.

आता इकडचा हिशेब बघा. लढाई हरून दुसरे बाजीराव १८१८ च्या जूनमध्ये माल्कमसाहेबाच्या स्वाधीन झाले, त्यांना सालिना आठ लाखांचं पेन्शन ठरलं. पौंडाला दहा रुपये धरले तरी ऐंशी हजार पौंड. म्हणजे हरलेल्या पेशव्याला बिठूरला बसून जे मिळणार होतं, त्याच्या पासंगालाही जिंकणाऱ्या राजाच्या मुलाची वाढ पुरत नव्हती. क्लॅरेन्सला हे कोणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. सांगितलं असतं तर त्यानं खडकीला जाऊन हरायची तयारी दाखवली असती.

४ जुलै १८१८ ला ॲडलेड आईला घेऊन लंडनला पोचली. सामोरं जायला कोणी नाही. मायलेकी आल्बमार्ल रस्त्यावरच्या ग्रिलन्स हॉटेलात उतरल्या. सासरचे लोक बातमी कळल्यावर रात्री आले. आधी रीजंट दीर, मग बऱ्याच उशिरानं नवरा. आठवड्याच्या आसपास लग्न, तेही क्यूच्या वाड्यात सासूच्या दिवाणखान्यात, कारण सासूबाईंना जिना उतरवत नव्हता. एक खर्च वाचावा म्हणून त्याच बोहल्यावर केंटचंही लावून घेतलं. त्याचं मे महिन्यात जर्मनीत एकदा लागलं होतं, इथे इंग्रजी पद्धतीनं पुन्हा. त्याची नवरी व्हिक्टोरिया एकतिशीतली विधवा, पदरी दोन मुलं, इंग्रजीचा गंध नाही. तिचं आभाराचं भाषण इंग्रजी शब्दांचे उच्चार जर्मन अक्षरांत लिहून तिच्या हाती दिलं होतं. परदेशात वाढलेली आपली मुलं रोमन अक्षरांत आरती वाचतात, त्याच चालीवर.

क्लॅरेन्सनं लग्नाआधी आपल्या थोरल्या पोराला पत्र लिहिलं होतं, की त्या बिचाऱ्या निष्पाप पोरीच्या कपाळी माझी बायको होणं लिहिलंय. एवढ्या साऱ्या ड्यूकांत स्वतःविषयी खरं बोललेला मला हा एकच दिसतो. कादंबरीतला नायक असलं वाक्य तीनशेव्या पानावर, पावसात भिजत बोलतो.

आणि झालं काय, तर हेच जमलं. ॲडलेडनं त्याची ती दहा मुलं आपली मानली. त्याची शिवराळ जीभ हळूहळू आवरली, खर्च आटोक्यात आणला. स्वतःच्या दोन मुली तान्हेपणीच गेल्या, ते दुःखही त्यांनी बरोबर काढलं. १८३० मध्ये तो राजा झाला, तिच्या नावानं ऑस्ट्रेलियात शहर वसलं.

"ॲडलेड म्हणजे क्रिकेटचं मैदान आहे तेच?" मावशी क्रिकेट बघते.

"तेच. २०२० मध्ये आपण छत्तीसमध्ये आटोपलो ते."

"छत्तीसच्या छत्तीस," मावशी समाधानानं म्हणाली. "मी म्हणतच होते, पत्रिका जुळली असणार."

शर्यत मात्र केंटनं मारली. मूल इंग्लंडच्याच भूमीवर जन्माला यावं म्हणून पोटुशी बायकोला घेऊन तो जर्मनीतून निघाला, आणि कोचवानाचा पगार वाचवायला कॅलेपर्यंत गाडी स्वतः हाकत आला. २४ मे १८१९ ला केन्सिंग्टनच्या वाड्यात मुलगी झाली. आठ महिन्यांत तो वारला, देणेकऱ्यांना मागे ठेवून. ती मुलगी म्हणजे राणी व्हिक्टोरिया.

सगळं ऐकून मावशी बराच वेळ पावट्याच्या दाण्यांत बोटं फिरवत राहिली. "पण मी काय म्हणते, एवढी धावपळ कशाला? दत्तक घ्यायचा."

त्यांच्यात ती सोयच नव्हती. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदा व्हायला १९२६ साल उजाडलं. बाजीरावांनी अकरा लग्नं केली, मुलगा जगला नाही, तर १८२७ मध्ये सरळ नानासाहेबांना मांडीवर घेतलं आणि प्रश्न मिटवला. मिटला असं त्यांना वाटलं. कारण त्या पळापळीतून जन्मलेली मुलगी गादीवर बसल्यावर तिच्या राज्यात डलहौसी आला, आणि दत्तक आम्ही मानत नाही, असं तो साताऱ्याला १८४८ मध्ये आणि १८५१ नंतर बिठूरला ऐकवून मोकळा झाला. ज्यांच्या घरी पाळण्यासाठी तीन घोडनवरे एकदम पळवावे लागले, त्यांनी आपल्याला वारसाचे नियम शिकवले. मला या जागी दरवेळी जरा जास्तच बोलायला होतं. मावशीनं पावट्याचं पातेलं माझ्या पुढ्यातून उचललं.

"ते राहू दे आता. माझं पुस्तक दे इकडे. चाळीस पानं उरलीत."

"नापास केलंस ना त्याला? आणि जमणारच आहे गं. या सगळ्या कादंबऱ्यांत जमतंच."

"तुला काय कळतंय त्यातलं." तिनं चष्मा नाकावर चढवला आणि शेअर बाजाराचं पान उलटून ड्यूक उघडला. "मुलीकडून अजून होकार आलेला नाही."